अठ्ठ्याण्णव

"तुमच्या वस्तीत पाणी वेगळं उकळतं का गं?"

नववीत होते. कर्वेनगरातली शाळा. विज्ञानाच्या बाईंनी माझी प्रयोगवही वर्गापुढे उघडी धरली होती. सोसायट्यांमधली मुलं खिदळली. त्यांतल्या तिघांच्या घरी माझी आई पोळ्या लाटायची. बाईंना ते ठाऊक होतं.

प्रयोग साधा. पाणी उकळायचं, तापमापी वाचायची. मी तीनदा वाचली. अठ्ठ्याण्णव. तेच लिहिलं. बाकीच्यांनी आदल्या दिवशी घरीच गाईडमधून शंभर उतरवलेलं. प्रयोगाआधी निरीक्षण तयार, अशीच रीत होती.

"खोड ते. तापमापी वाचता येत नाही, आणि निघाली शास्त्रज्ञ व्हायला."

खोडलं. रबर घासताना कागद फाटला. फाटक्या जागेवर शंभर लिहिलं. त्या शंभराची लाज मला अजून वाटते. डोळ्यांनी बघितलेलं मी माझ्याच हाताने पुसलं.

पुढे बी.एस्सी.ला कळलं. पुणं समुद्रसपाटीपासून उंचावर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. म्हणजे माझं बरोबर होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

आता मी हडपसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. परवा नववीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिची आई भाजीची गाडी लावते. हळूच म्हणाली, "बाई, अठ्ठ्याण्णवच येतंय. शंभर करू का?" हातात रबर तयार.

मी रबर काढून घेतलं. "शंभर का येत नाही, ते शोध." मग सगळ्या वर्गाला पुन्हा पाणी उकळायला लावलं. कुणाचं सत्त्याण्णव, कुणाचं अठ्ठ्याण्णव. दिसलं ते लिहिलं.

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "अहो, सोमवारी तपासणी आहे. पुस्तकात शंभर आहे ना? वह्यांत शंभर करून घ्या. आणि आपण अजून कायम झालेल्या नाहीत, लक्षात आहे ना?"

"मॅडम, इथे टेबलावर पाणी ठेवते. आपणच वाचा."

त्यांनी फाइल उघडली.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. घराचा हप्ता माझ्याच पगारावर चालतो. तरी संध्याकाळी बसून एकेका वहीवर सही केली, मुलांनी लिहिलेल्या आकड्याखाली, लाल शाईने.

सोमवारी तपासनिसांसमोर मी स्पिरिटचा दिवा पेटवणार. वाचायचं तर वाचा. नोकरीवरून काढायचं तर काढा. माझ्या वर्गात बघितलेलं आता कुणी पुसणार नाही.