ओरत्तनाडूच्या पाइपवाल्याने पाइप दिला नाही

मी बटण दाबून धरलं होतं. पंप कण्हत होता. होडीचा मागचा, पंख्याचा पाय शेवटपर्यंत वर येऊन अडला होता आणि डॉक्टर खाली वाळूत गुडघ्यांवर बसून डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने काळा पाइप चाचपत होते. तेल नेमकं कुठून गळतं ते दिसत नव्हतं. सगळा पाइपच ओला होता.

"सोडूं नका," ते म्हणाले. "आणखी दाबा."

मी दाबलं. त्यांनी हात झटकला, बोटाकडे पाहिलं, लुंगीला पुसलं. काय झालं, मी विचारलं.

"कांही नव्हे. तार टोचली."

पाइपाच्या रबरात पोलादी तारांचं विणकाम असतं. जुन्या पाइपात त्यातली एखादी बाहेर येते. मला ते पटलं. बोटाच्या टोकावर एक लाल ठिपका होता. रक्त नव्हतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर, खालीच दवाखाना. घरात मराठी बोलतात, पण देवनागरी वाचता येत नाही. हा ब्लॉग त्यांना त्यांचा फोन वाचून दाखवतो. इतकं फिरता, आमचा समुद्र नाही पाहिलात, असं त्यांनी मला रोमन अक्षरांत लिहिलं होतं. मी पुण्याहून चेन्नईला आणि तिथून रेल्वेने तंजावूरला गेले.

तंजावूरहून मल्लिपट्टणमचा किनारा साठ-पासष्ट किलोमीटर. ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै, मग समुद्र. बसने जाता येतं, पट्टुकोट्टैला बदलावी लागते, तिकिटं शंभराच्या आत. आम्ही सकाळी सहाला त्यांच्या गाडीने निघालो. रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना भात, कालवे, मोपेडला लटकवलेले दुधाचे कॅन. पट्टुकोट्टैला पोंगल, वडा, कॉफी. दोघांचे दीडशे रुपये. डॉक्टर वाटेत कामाबद्दल बोलत होते. डाव्या हातात आरसा, त्याच हाताच्या पहिल्या बोटाने गाल बाजूला धरायचा, उजव्याने काम. दिवसभर एकच प्रश्न विचारतो, म्हणाले: मरत्तु पोच्चा? म्हणजे, बधिर झालं का?

तिथला समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून बरंच आत गेलं तरी पाणी गुडघ्यापर्यंत, खाली चिखल आणि गवत. डॉक्टरांची होडी एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून घेतलेली, बरीच जुनी. तिचं इंजिन आत, आणि पंख्याचा पाय मागे बाहेर लोंबतो. पाणी उथळ झालं की पाय वर उचलायचा. ते काम तेलाच्या दाबावर चालणारे दोन दांडे करतात, आणि तेल त्यांच्यापर्यंत पाइपातून जातं. पाइप गळत असल्याने पाय आपोआप खाली येत होता. दुसऱ्या दिवशी समुद्रात जायचं, तर पाइप आजच बदलायला हवा होता.

ट्रेलरवर चढवलेल्या होडीखाली डॉक्टरांनी सगळं नीट केलं. पाइप सोडायच्या आधी पाय काथ्याच्या दोराने बांधला, खाली नारळाचा ओंडका लावला. दाब गेला की पाय कोसळतो आणि खाली हात असेल तर चिरडतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. हातांची त्यांना काळजी होती. बोट स्पिरिटने पुसून त्यांनी वर पट्टी चिकटवली.

पाइपाचा नट खाऱ्या पाण्याने गंजून बसला होता. तेल सोडणं, हलकेच ठोकणं, पुन्हा तेल. त्यात दोन तास गेले. मग चहा. पाइप निघाला तेव्हा साडेबारा वाजले होते. तसाच नवा पाइप ओरत्तनाडूला बनवून मिळेल, डॉक्टर म्हणाले. तिथे एक जण भातकापणीच्या यंत्रांचे पाइप बनवतो.

गाडीत ते बोट सरळ धरून बसले होते. दुखतं का विचारलं. जड वाटतं, म्हणाले. गाडी मी चालवू का?

"दातांच्या डॉक्टराला सुईची भीती दाखवतां कां? हजार वेळां टोचून घेतलंय."

त्या पाइपवाल्याचं, मुरुगेसनचं दुकान रस्त्यालगतच आहे. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट. त्याने जुना पाइप घेतला, उजेडात धरून वाकवला, फिरवला, पुन्हा वाकवला. एका जागी थांबला आणि मला बोलावून दाखवलं. रबरावर छिद्र होतं. पेनाने ठिपका द्यावा तेवढं. तार कुठेही बाहेर आलेली नव्हती.

मग त्याने डॉक्टरांच्या बोटावरची पट्टी पाहिली.

"कै वच्चींगळा?" हात लावला होता? हे त्याने अगदी हळू विचारलं.

डॉक्टर हसले. मुरुगेसन हसला नाही. त्याने पट्टी काढली. बोट मधल्या पेरापर्यंत सुजून पांढुरकं झालं होतं. त्याने आपला उजवा हात काउंटरवर ठेवला. पहिल्या दोन बोटांच्या जागी खुंट होते. कापणीच्या दिवसांत यंत्राचा पाइप असाच चाचपला होता, म्हणाला. तेल कातडीतून आत शिरतं, छिद्र एवढंसंच दिसतं, दुखत नाही. त्यानेही तेव्हा मनावर घेतलं नव्हतं, जेवून झोपला होता.

नवा पाइप लगेच बनवून द्या, आम्ही जाताना इस्पितळात दाखवतो, असं डॉक्टर म्हणाले. मुरुगेसनने मशीन बंद केलं.

"पाइप परत याल तेव्हा. आत्ता नाही."

बाकीचं त्याने मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं, डॉक्टरांना नाही. हाताच्या सर्जनकडेच जा. दाबाखालचं तेल आत गेलंय, असंच सांगा; टोचलं म्हणू नका, पट्टी लावून परत पाठवतील. जुना पाइप सोबत न्या, छिद्र दाखवा. आता खायला-प्यायला काही देऊ नका.

मी गाडी चालवली. तंजावूरच्या इस्पितळापर्यंत तेवीस किलोमीटर. मध्येच डॉक्टर अंगठ्याच्या नखाने बोटाचं टोक दाबून पाहत होते.

सर्जन एक तरुण बाई होत्या. त्यांनी पाइप पाहिला आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं, मग बोट पाहिलं. बोट टोकापासून तळव्यापर्यंत उघडावं लागलं. आत सगळीकडे तेल होतं. ते कोणत्या रंगाचं होतं हे त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. मी ते लिहीत नाही. बोट राहील की नाही, ते सकाळी कळेल, म्हणाल्या. आणखी तीन तास आधी आला असतात तर बरं झालं असतं.

डॉक्टरांच्या पत्नी वसुधाबाई डब्यात इडल्या घेऊन आल्या होत्या. तो डबा कोणी उघडला नाही.

"पेशंटांना सांगत बसतात, हात लावूं नका, हात लावूं नका म्हणून," त्या मला म्हणाल्या.

हे मी पुण्यात लिहिते आहे. समुद्र मी किनाऱ्यावरून दोन तास पाहिला, त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. जाणाऱ्यांनी जावं, रस्ता आणि माणसं चांगली आहेत. दाबाच्या तेलाचा पाइप गळत असेल, ट्रॅक्टरचा असो की होडीचा, तर यंत्र बंद करावं आणि हात दूर ठेवावा. मुरुगेसन लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा लावून पाइपावरून फिरवतो. छिद्र असेल तिथे पुठ्ठा ओला होतो. मी बटण सोडायला हवं होतं, असं मला कोणी म्हणालं नाही. डॉक्टर फोनवर हे ऐकतील, म्हणून इथे म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पट्टी सोडली. बोट होतं, आणि टोकाला रंगही आला होता. सर्जनबाईंनी डॉक्टरांना मान वळवायला सांगितलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, आता टोचा. बाईंनी बोटाच्या टोकाला सुई टोचून ती ट्रेमध्ये परतही ठेवली होती.