पदरावरचे ठिपके

टाचेच्या भेगेला लावायला कुणी बिबा तापवला, की त्या वासानं मी रामेश्वरजवळच्या प्रवाळांत पोचते. महाराष्ट्र झाला नव्हता तेव्हाची कॉलेजची सहल. काचेच्या बशीत नखाएवढी, बिनशंखाची, ठिपक्याठिपक्यांची समुद्रगोगलगाय. तिचं नाव मला हवंच होतं. टिकवायला बरणीतल्या स्पिरिटमध्ये घातली की ठिपके उडणार होते आणि कागद सगळे भिजलेले. पण काटा रुतला तर म्हणून आईनं बिबा दिला होता, आणि आमच्या चामोर्शीकडे कपड्यांवर खूण बिब्यानंच करतात. सुईनं तो टोचून मी एकेक ठिपका पदरावर उतरवला. नागपुरात सर बरणी बघून म्हणाले, "ठिपकेच नाहीत, ओळखायची कशी?" "हायेत न जी," म्हणत मी पदर टेबलावर पसरला. पुस्तकात नाव सापडलं. घरी आई कडाडली, "नवं लुगडं काऊन नासवलं?" तिनं ते सोड्यात उकळलं. लुगडं कधीच विरलं. पदराचा तुकडा मात्र आजही धुऊन वाळत घालते, आणि एकही ठिपका हललेला नसतो.