मागच्या रांगेतला इमाम

अन्याय झाला तो इस्माईल मौलानांवर. दोन वर्षांपूर्वी, रमजानच्या शेवटच्या जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, भर नमाजात. महिन्यापूर्वी जळोचीच्या छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालत होतो, तेव्हा अब्बांचा फोन आला, "मौलाना गेले रे..." आणि सगळ्यात आधी तीच दुपार आठवली.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मशिदीत ते चाळीस वर्षं पेशइमाम होते, नमाज पढवायचे. सबंध कुराण तोंडपाठ. त्या दिवशी मात्र एका आयतीवर, कुराणातल्या एका ओळीवर अडले... थोडं मागं जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. इमाम अडला की पाठीमागच्यानं पुढचे शब्द सांगायचे, असा रिवाज आहे. लुकमा म्हणतात त्याला, म्हणजे घास. मागं अख्खी मशीद भरलेली, आणि एकालाही ती आयत येत नव्हती! मौलानांनी दुसरी सूरा, दुसरा अध्याय घेऊन नमाज पुरी केली. ईद होताच मशिदीच्या कमिटीनं ठरवलं, म्हातारं विसरायला लागलंय, इमाम बदला.

मी पेटलो. कमिटीतल्या एकेकाचं नाव घालून पत्रक छापलं आणि मौलानांपुढं ठेवलं. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"छपाई झ्याक हाय. आता फाडून टाक."

"का, मौलाना?"

"इमाम म्हंजी मालक न्हाय, बाळा. फुडं हुबा राहतो, येवढंच. ज्याला मागं हुबं राहता येत न्हाय, त्यो इमाम कसला?"

पुढच्या जुम्याला ते आले आणि चपलांच्या कपाटाजवळ, शेवटच्या रांगेत उभे राहिले. नवा इमाम तरुण, त्यात पहिलाच दिवस. दुसऱ्या रकातीत, नमाजाच्या दुसऱ्या फेरीत, तोही अडला. पुन्हा तीच शांतता. खरं सांगतो, मला आनंद झाला. कळू दे आता यांना! ...तेवढ्यात शेवटच्या रांगेतून, कापऱ्या पण स्वच्छ आवाजात, पुढचे शब्द आले. नमाजानंतर नवा इमाम सगळ्या रांगा ओलांडून मागं आला, त्यांचे हात धरून उभा राहिला. मौलाना म्हणाले, "घाबरू नगा. मी हाय हितंच."

दोन वर्षं ते तिथंच होते. आता चौकात कमिटीनं त्यांच्या श्रद्धांजलीचा भलामोठा फ्लेक्स लावलाय. कपाटाजवळची जागा रिकामी आहे. परवाच्या जुम्याला इमाम पुन्हा अडला, आणि मागं आम्ही सगळे... गप्प. मीसुद्धा. माझ्या पत्रकात सगळ्यांची नावं होती, माझंच तेवढं नव्हतं.

तो फ्लेक्स उतरवा. आणि कुणाच्याही मागं उभे राहणार असाल, तर पाठ करून या.