बत्तीमामा आणि न संपणारा देवमासा

संग्रहालयाच्या छोट्या अंधाऱ्या खोलीत देवमाशाची नऊ मिनिटांची फिल्म दाखवायची आणि ती संपली की दिवे लावायचे, एवढ्यावर सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस म्हणजे आमचे बत्तीमामा. हसू नका, उशिरा दिवा लावून बघा एकदा, लोक कसे ओरडतात ते!

आता मामांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि बटण होतं पार दाराशी. संचालकबाई म्हणाल्या, "दिवे आपोआप लागतील असं काही करा. शुक्रवारी विश्वस्तांना दाखवा. जमलं तर बसून काम करा, नाहीतर मामा, घरीच बसावं लागेल."

घरी सून मामांना संगणक शिकवायची. दिवे लावण्यासाठी मामांनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या चार ओळी वाचून ती म्हणाली, "बाबा, हे काय?"

"फिल्म सुरू झाली की पाचशे चाळीस सेकंद मोजायचे, मग दिवे."

"मध्येच अडखळली तर?"

"सव्वीस वर्षांत कधी अडखळली नाही."

"तुम्ही डुलकीत असाल तेव्हा!" असं म्हणून तिने फिल्म मुद्दाम मिनिटभर थांबवली. चाचणीसाठी संगणकाला जोडलेला टेबलावरचा दिवा भस्सकन लागला, तेव्हा शेवटची उडी घेतलेला देवमासा पडद्यावर अजून हवेतच होता.

"बघा! घड्याळाला कशाला विचारता? फिल्म संपली की ती चालवणारा संगणकातला प्लेअर स्वतःच निरोप देतो. तो ऐका आणि मग दिवे लावा."

"म्हणजे जेवणाऱ्याला सोडून मी शेजाऱ्याला विचारत होतो, पोट भरलं का!"

मामांनी ओळी बदलल्या. दहा वेळा चालवून बघितलं, दहाही वेळा दिवा वेळेवर लागला.

शुक्रवारी सकाळी संग्रहालयात सगळं जोडल्यावर मात्र मामांना नको तेवढी काळजी सुचली. पाहुणे उशिरा आले तर पडदा कोरा दिसेल, म्हणून त्यांनी 'पुन्हा पुन्हा वाजवा' या चौकोनात खूण केली. झालं! फिल्म संपली, पडदा क्षणभर काळा झाला आणि समुद्र पुन्हा सुरू. दिवे ढिम्म. सात विश्वस्तही ढिम्म. मोठ्या माणसांचं असंच असतं, कार्यक्रम संपला की नाही ते कळेना झालं की सगळे जाणकारासारखे बसून राहतात.

मामांनी घामाघूम होत सुनेला फोन लावला. "अगं, निरोप आलाच नाही!"

"परत वाजवायची खूण केलीत का?"

"...हो."

"मग त्याच्या लेखी फिल्म संपतच नाही, बाबा. निरोप कशाचा देणार तो?"

मामांनी खूण काढली. आता नऊ मिनिटं वाट बघणं आलं. उठून गुपचूप बटण दाबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मग उद्या, परवा, रोजच उठावं लागलं असतं. गुडघे दाबून धरून मामा बसून राहिले.

फिल्म संपली. दिवे लागले. आपोआप!

"दोनदा का दाखवलीत?" संचालकबाईंनी आवाज चढवला.

"चूक माझी, बाई. खूण राहिली होती."

सगळ्यात म्हाताऱ्या विश्वस्तबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बरं झालं हो! पहिल्या वेळी मी झोपले होते."

खोलीभर हशा पिकला. संचालकबाईही हसल्या, "उद्यापासून बसूनच काम करा, मामा. पण त्या चौकोनाला हात नाही लावायचा!"

मामा ऐकत होते, पण लक्ष भलतीकडेच होतं. सव्वीस वर्षं दिवे लागताना त्यांचं तोंड बटणाच्या भिंतीकडे असायचं. समुद्रातून नुकती परत आलेली माणसं कशी दिसतात, ते त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं.