काकूले ऐकू आलेला धमाका

हे मी बायकोलेही सांगितलं नाई. देवाले सांगितलं का? मारोतीसमोर दोनदा तोंड उघडलं — अन् नारळ फोडून घरी आलो.

नाचणगावात माझं साउंडचं काम आहे. लग्न, बारसं, गणपती — बॉक्स माझेच. तुमाले सांगतो, गाणी येतात अन् सहा महिन्यांत मरतात. पण एक गाणं दहा वर्षं झाली, मरतच नाई! नाव नाई सांगत, तुमच्याही लग्नात वाजलं असन. सुरुवातीले नुसत्या टाळ्या, मग सगळं चूप — अन् मग धम्म! त्या एका धम्मसाठी म्हातारेकोतारेही उठून नाचतात. मी मात्र मान खाली घालून बटनाकडं पाहतो. काऊन? तेच सांगून राह्यलो.

आमच्या गावाजवळ दारूगोळ्याचा डेपो आहे. इथं कुठंही धम्म झालं, का माणूस आधी खिडकीची काच पाहतो, मग तिकडचं आभाळ. शेजारची निर्मलाकाकू तं हातातलं टाकून बाहेरच पळे. काका जन्मभर तिथंच नोकरीले होते ना! पण तिले कोणी हसत नव्हतं. काकूचे कान पक्के, असंच सारे म्हणत.

मी नवे बास बॉक्स आणले, तं काकूनं गल्लीभर बोंब मारली — विजूचे पेटारे आमच्या भिंती पाडतीन. माझं डोकं सटकलं. हिले एकदा दाखवतोच, म्हटलं. एका दुपारी सारी गल्ली देवळीले लग्नाले गेलती. मी बॉक्स काकूच्या भिंतीले टेकवला, तेच गाणं नेमकं त्या जागेवर आणलं — अन् फुल आवाजात एकच ठोका दिला. लगेच बंद.

काकू कणकेच्या हातानं, अनवाणी, स्टँडपर्यंत पळत गेली. डेपो फुटला, पळा! तिथं कोणालेच काही ऐकू आलं नव्हतं. चार माणसं तिले घेऊन परत आली अन् मले विचारलं, काऊन रे, आवाज झाला का? सांगता आलं असतं ना? दोन शिव्या पडल्या असत्या, बस.

"नाई," म्हटलं. "भास झाला असन काकूले."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुले नाई आला आवाज, विजू?"

"नाई."

मग पोरं तिले पाहिलं, का विचारायची — काकू, फुटला का? काकांनी वर्ध्याले कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कान चांगले निघाले. म्हणजे डोक्यातच काही आहे, असं गाव म्हणू लागलं. अन् हळूहळू काकूही. दार वाजलं तरी ती उठेना. कुकरची शिटी झाली, का शेजारणीले विचारे, आता झाली का वं? मी भिंतीच्या अलीकडं ऐकत राहे. भेव वाटे मले. हे कुठं जाऊन थांबन?

मागच्या हिवाळ्यात काका न्हाणीत पडले. काकू ओट्यावर मेथी निवडून राह्यली होती. तिले आवाज आला. ती बसून राह्यली — सारी जुडी निवडून झाल्यावर उठली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तं...

तेरवीले मंडप माझाच होता. येईल त्याले काकू एकच सांगे — "मले ऐकू आलतं हो. मले वाटलं, भासच असन. मीच मारलं त्याईले." मी तिच्या पुढ्यात उभा. सांगायचं तं तेव्हाच होतं. मी म्हटलं, काकू, पाणी आणू का? अन् पाणी आणलं.

परवा गल्लीतल्या पोरीचं लग्न झालं. पोरांनी तेच गाणं मागितलं. टाळ्या, चूप, धम्म. काकू खुर्चीवर बसली होती. ती दचकली नाई. तिनं डावीकडच्या बाईचं तोंड पाहिलं, मग उजवीकडच्या बाईचं — त्याईले ऐकू आलं का, हे पाहून घेतलं. मग उठून माझ्याजवळ आली.

"विजू, हे वाजलं ना रे, खरंच?"

"वाजलं, काकू."

कितीतरी दिवसांनी हसली बिचारी. माझ्या गालावरून हात फिरवला, अन् खुर्च्यांमधून साऱ्याईले सांगत गेली — वाजलं, विजू म्हणते वाजलं. पोरं ओरडली, पुन्हा लाव!

मी लावलं.