माहुलीवर आप्पांना थांबवताना

परवाच्या शुक्रवारी आप्पांना घेऊन माहुली गड चढले. शुक्रवार का, तर भिवंडीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, सुट्टी शुक्रवारी. आमची लूमची शेड विकून वर्ष होऊन गेलं, तरी आप्पांना सुट्टी म्हटली की शुक्रवारच आठवतो...

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. गोडाऊनच्या ऑफिसातसुद्धा मी फोनवर बोलताना येरझाऱ्या घालते. आणि हे कुठून आलं म्हणाल तर खाण तशी माती... शेड गेल्यापासून आप्पा दिवसभर ओटी ते गेट, गेट ते ओटी. बघून बघून मलाच घेरी यायला लागली. म्हटलं, चालायचंच आहे ना, मग डोंगरच चढू.

भिवंडीजवळच्या आमच्या टेमघरहून स्कूटर काढली तेव्हा आई दारात उभी होती. म्हणाली, "नेतंस तं ने. पन जसा नेतंस तसा परत आन." हसण्यावारी नेलं मी. पण ते वाक्य आसनगावपर्यंत मागच्या सीटवर बसून आलं.

आईची भीती गुडघ्यांची नव्हती, कानांची होती. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात उभं राहून आप्पांचे कान गेलेत. जवळ जाऊन ओरडलं तर ऐकू येतं, चार पावलं लांब गेलं की काही नाही. कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात आराम करतंय.

चढ मात्र दमवणारा निघाला. जंगलातली उभी वाट, घामाने डोळे चुरचुरतायत, आणि शेवटी ती लोखंडी शिडी. आप्पा सरसर वर, मी खाली शिडीला मिठी मारून...

माथ्यावर भाकरी आणि सुकट खाल्ली. वारा छान होता, बसायला हरकत नव्हती. पण माहुलीला शिखरं तीन. एकच करून परत कोण जातं? आप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "इथेच बसा, भंडारगड बघून आलेच." त्यांनी मान डोलावली.

त्या मानेवर मी विश्वास ठेवायला नको होता.

मधली खिंड उतरून पलीकडे चढले. गवत कमरेपर्यंत वाढलेलं. फोटो काढायला मागे वळले तर समोरच्या माथ्यावर आप्पा चालत होते. त्यांनाही एका जागी बसवेना... मला शोधत निघाले होते, आणि वाट सोडून सरळ कड्याकडे येत होते.

त्यांच्या बाजूने नुसतं गवत दिसत असणार. माझ्या बाजूने दिसत होतं की त्या गवताखाली पुढे जमीनच नाही. खाली थेट दरी.

मी बेंबीच्या देठापासून ओरडले. वाऱ्यात माझाच आवाज मला ऐकू येईना. तेवढ्यात आप्पांनी मला पाहिलं. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले... आणि त्यांनी खूश होऊन मलाही हात हलवून दाखवला. वर आणखी दोन पावलं पुढे!

पुढचं मी ठरवून केलेलं नाही. हातानेच केलं. शेडमध्ये लूम चालू असताना बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, सगळा कारभार हातांवर. मूठ वर धरून झटक्यात बाजूला ओढली की अर्थ एकच : थांबव! का ते नंतर विचारायचं. मी शाळेतून येऊन आप्पांचा डबा द्यायला जायचे, तेव्हापासून हे सगळं हातात बसलेलं.

मी मूठ ओढली. आप्पा जागच्या जागी थांबले. उचललेलं पाऊल मागे ठेवलं.

मग तळहाताने मागे, आणखी मागे... ते गेले. बसा म्हटलं, बसले. आणि तिथून त्यांनी दोन बोटं जुळवून फट्‌कन वेगळी केली. म्हणजे, धागा तुटला का?

मी गवतात बसून भोकाड पसरलं. एवढी मोठी बाई मी...

धावत परत गेले. काठीने गवत बाजूला करून त्यांना कडा दाखवला. त्यांनी वाकून खाली पाहिलं. मग म्हणाले, "मना वाटला धोटा उडाला." लूममधून सुटलेला धोटा गोळीसारखा अंगावर येतो. आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

तिसऱ्या शिखराचं, पळसगडाचं नावही कुणी काढलं नाही. मग शिडी आली. आप्पा आधी उतरले आणि खालून माझं एकेक पाऊल धरून पायरीवर टेकवत राहिले.

घरी पोचलो. आईने मला विचारलं, "सांभालून आनलास ना त्यांना?" मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. आप्पांनी आईचे ओठ वाचले असणार. चहाचा कप उचलत मोठ्याने म्हणाले, "हिला मीच सांभालून आनली!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली... आप्पा समोर बसून फुर्रर्र करत चहा पीत होते. तो आवाज मी कान देऊन ऐकत राहिले, कप रिकामा होईपर्यंत.