तोंड धुतलेलं इंजिन

माझी बायको सरकारी पगार घेऊन लोकांच्या कामात खुसपटं काढते, असं मी पाहुण्यांना सांगतो. तीही हसते, कारण त्यात ती तरबेज आहे आणि तिला ते माहीत आहे.

त्याआधी ती अणुवीज केंद्रात इंजिनिअर होती. अणुभट्टी बंद केली तरी आतून तापतच राहते, चुलीतल्या निखाऱ्यासारखी. तिच्यावर सतत पाणी फिरवावं लागतं आणि ते फिरवणारे पंप विजेवर चालतात. बाहेरची वीज गेली, तर तिथल्या डिझेल इंजिनांनी दहा सेकंदांत आपणहून सुरू होऊन पंपांना वीज द्यायची. मी चष्मे विकणारा माणूस. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

या इंजिनांचे प्रमुख म्हणजे मामा. सगळं केंद्रच त्यांना मामा म्हणायचं. बायको नवीन लागली तेव्हा नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं. आमच्या लग्नात ते इतके मोठ्याने रडले, की माझ्या सासऱ्यांनी स्वतःचं रडणं आवरून त्यांना पाणी नेऊन दिलं.

पुढे बायको सरकारच्या सुरक्षा मंडळात गेली. मामा खूश. "आता आपलं माणूस तिकडे!" म्हणाले. इथेच तर ग्यानबाची मेख होती. पहिली काही वर्षं मंडळाने तिला जुन्या केंद्राकडे फिरकू दिलं नाही, पण शेवटी पाळी आलीच. वार्षिक दुरुस्ती संपली होती, आणि भट्टी पुन्हा सुरू करायची परवानगी तिने द्यायची होती.

मामा इस्त्रीचे कपडे घालून इंजिनघराच्या दारात उभे. इंजिनाची चाचणी सुरू होणार, तेवढ्यात बायकोची नजर जमिनीवर गेली. हवेच्या नळाखाली ओलं होतं.

हे इंजिन दाबलेल्या हवेने सुरू होतं आणि त्या हवेत पाणी साचतं. म्हणून चाचणीच्या सकाळी मामा नळातलं पाणी काढून टाकायचे, तेल फिरवायचे, इंजिन हाताने दोनचार वेळा वळवायचे. "बाळाचं तोंड धुऊन घे गं," असं ते तिला सांगायचे, आणि तिनेही ते हौसेने केलं होतं. लबाडी म्हणून कुणीच करत नव्हतं. पोराला परीक्षेला पारोसं कोण पाठवतं?

"मामा, आज चाचणी नको," ती म्हणाली. "मी न कळवता येईन. तोवर कुणी हात लावायचा नाही. वीज काही कळवून जात नाही."

ती मधेच एका सकाळी जाऊन उभी राहिली. इंजिन खोकलं, अडखळलं आणि सुरू झालं तेव्हा दहा सेकंद उलटून गेले होते. परवानगी अडली. सगळ्यांदेखत मामा म्हणाले, "घर फिरलं की वासे फिरतात, हे ऐकलं होतं. इथे वासाच आधी फिरला!"

ती घरी आली ती न जेवता बसून राहिली. मला मामांचा असा संताप आला, की आत्ता जाऊन भांडून येतो म्हणून मी चपला घातल्या. पण तोंडून निघालं भलतंच.

"दिली असतीस परवानगी, तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"तेच तर मला माहीत नाही ना! माहीत नसताना हो कसं म्हणू?"

मी चपला काढल्या.

शोधाशोध झाली. हवा कोरडी करणारं यंत्रच कधीचं बिघडलं होतं. मामा दर वेळी प्रेमाने पाणी काढून टाकत, म्हणून ते कुणाला कळलंच नव्हतं. यंत्र बदललं, इंजिनाचं तोंड न धुता चाचणी घेतली आणि ते झटक्यात सुरू झालं. बायकोने परवानगी दिली. मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते निवृत्त झाले, तरी निरोप समारंभाचं साधं बोलावणं आलं नाही. त्या दिवशी तिने घरातले सगळे नळ उघडून-बंद करून पाहिले.

मग एका रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. बायकोचे केस विस्कटलेले, हाताला साबणाचा फेस. दारात मामा.

"आधी कळवलं नाही," ते म्हणाले. "तपासणीला असंच यायचं असतं ना?"

तिने दार सताड उघडलं. मामा घसा खाकरून म्हणाले, "तुमच्याकडची नवी पोरं तपासायला यायची ना, त्यांना मी चहा पाजून सहज गुंडाळायचो. त्यांना शिकवायला कुणी म्हातारा लागतो का, विचार तुझ्या साहेबांना. कुठल्या केंद्रात काय झाकतात, ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर मीच झाकलंय, आणि तेही चांगलं समजून."

भरल्या इंजिनघरात जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती माझी बायको फेसाच्या हातांनीच मामांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली.

"अगं, सदरा भिजतोय," मामा म्हणाले, पण ते बाजूला झाले नाहीत.